ठाण्यातील एक समुपदेशन केंद्र: खोलीत चोख, फोनवर सैल

नौपाड्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे केंद्र आहे. तीन खोल्या, चार समुपदेशक, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषधे देणारे डॉक्टर. प्रत्यक्ष सेशनचे १५०० रुपये, ऑनलाइनचे १२००. दोन्ही ५० मिनिटांची. लिफ्ट नाही. ऐरोली, घणसोली, वाशीकडचे बरेच जण पहिली एक-दोन सेशन इथे येऊन करतात आणि पुढची घरून, ऑनलाइन. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. खालचे निकष वाचणाऱ्याने आपल्या जवळच्या केंद्राला लावून पाहावेत.

कोणाचेही सेशन आम्ही पाहिलेले नाही; ते बाहेरच्या कोणी पाहायचेच नसते. पाहिले ते त्याच्या भोवतीचे सगळे: संमतीपत्र, बसण्याची जागा, रिसेप्शन, मेसेज, ऑनलाइनची लिंक, फी घेण्याची पद्धत. थेरपिस्ट किती तयारीचा आहे हे दोन-चार भेटींत कळणे अवघड असते. थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या मर्यादा, म्हणजे वेळ, पैसा, गोपनीयता, ओळख यांची चौकट, कशा पाळल्या जातात ते मात्र पहिल्या फोनपासूनच दिसायला लागते. आणि इथे जे दिसले ते असे: बंद दाराआड काम नेटके आहे, दाराबाहेर ते सुटत जाते.

आधी चांगले. भिंतीवर प्रत्येकाचे नाव, पदवी आणि नोंदणी लिहिलेली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नावापुढे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक आहे. १९९२च्या कायद्याखालची ही नोंदणी कौन्सिलच्या वेबसाइटवर ताडून पाहता येते. डॉक्टरांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. 'समुपदेशक' या शब्दामागे मात्र असे जुने, बसलेले रजिस्टर नाही. सहा आठवड्यांचा कोर्स केलेली व्यक्तीही तो शब्द पाटीवर लावू शकते. म्हणून समुपदेशकाला दोन प्रश्न विचारावेत: मानसशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण कुठे झाले, आणि सध्या सुपरव्हिजन कोणाकडे चालते. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडे ठराविक काळाने जाऊन आपल्या केसेस, आपल्या अडचणी आणि क्लायंटबद्दल आपल्या मनात उठणारे सगळे मांडणे. मर्यादा मोडण्याच्या बहुतेक गोष्टी एकटेपणात घडतात. ज्या थेरपिस्टला कोणापुढे तरी सांगायचे असते, त्याचा पाय पहिल्या पायरीवरच अडतो. इथल्या चारही समुपदेशकांनी या प्रश्नाचे उत्तर न बिचकता दिले. आम्हाला हे सगळ्यात आवडले.

संमतीपत्र चार पानी आहे, मराठीत आहे, आणि ते नुसते सही घेऊन फाइलला लावत नाहीत; समुपदेशक पहिल्या सेशनची दहा-बारा मिनिटे त्यावर घालवतात. गोपनीयतेला अपवाद कोणते, ते स्पष्ट लिहिले आहे: जिवाला धोका असेल तर, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तर, न्यायालयाचा आदेश आला तर. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्येही असेच अपवाद आहेत, आणि तिथली एक अट फार मोलाची आहे: धोका टाळण्यासाठी लागेल तेवढीच माहिती द्यायची. म्हणजे भावाला 'तिला आज रात्री एकटे ठेवू नका, गोळ्या कुलपात ठेवा' एवढे सांगायचे. तिने नवऱ्याबद्दल जे सांगितले ते सांगायचे नाही. ही अट या संमतीपत्रात उतरलेली नाही. ती लिहून घालावी. चौथा अपवादही आहे आणि तो त्यांनी बरोबर लिहिला आहे: अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते, थेरपिस्टला त्यात निवड नसते. हे आधी सांगणे कठीण वाटते, पण न सांगता मुलाने विश्वासाने बोलायचे आणि मग पोलीस घरी यायचे, यात त्या मुलाची दुसऱ्यांदा फसवणूक होते.

मुलांबाबत आणखी एक गोष्ट, कारण इथे येणाऱ्यांत दहावी-बारावीची मुले खूप आहेत. फी आई-वडील देतात, आणि फी देणाऱ्याला वाटते की आत काय बोलणे झाले ते कळण्याचा आपला हक्क आहे. केंद्राने यासाठी वेगळे अर्धे पान ठेवले आहे: पालकांना काय सांगणार (हजेरी, साधारण दिशा, सुरक्षिततेचा प्रश्न), काय सांगणार नाही (मैत्री, प्रेम, मुलाने पालकांबद्दल बोललेले), आणि जे सांगायचे ते मुलाला आधी विचारून, शक्यतो त्याच्यासमोर. हे पान मुलगा आणि पालक एकत्र बसवून वाचले जाते. मामा, आत्या, क्लासचे सर असे कोणी 'काय म्हणतोय आमचा हिरो?' म्हणून फोन केला तर रिसेप्शनवरून 'अशी व्यक्ती इथे येते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही' एवढेच उत्तर मिळते. आम्ही हे उत्तर प्रत्यक्ष ऐकले. ते सौम्य होते आणि पक्के होते.

वेळेचा नियमही चोख आहे. ५० मिनिटे म्हणजे ५० मिनिटे. उशिरा आलेल्याला उरलेली वेळ मिळते, पुढच्याची वेळ खाल्ली जात नाही. थेरपिस्ट ठरलेल्या वेळी सेशन आटोपते घेतो तेव्हा काहींना तो कोरडेपणा वाटतो. पण ज्या क्लायंटची सेशन दर वेळी दीड तास चालतात, त्याच्या बाबतीत काहीतरी वेगळे सुरू झालेले असते, आणि ते आधी घड्याळात दिसते. २४ तास आधी न कळवता सेशन चुकवले तर अर्धी फी लागते. पहिल्या वेळी माफ. हेही ठीक. फी थकवू देणे ही दया वाटते, पण दहा सेशनची उधारी झाली की क्लायंटला रागावता येत नाही, थेरपी सोडता येत नाही. पैशाची अडचण असेल तर फी कमी करून ती दर वेळी घेणे बरे, आणि इथे तशी सोय आहे.

आता ठाण्याचा म्हणून एक खास प्रश्न. नौपाडा, चरई, विष्णूनगर इथे माणसे एकमेकांना ओळखतात. समुपदेशक आणि क्लायंट गडकरी रंगायतनला मध्यंतरात वड्याच्या रांगेत पुढेमागे उभे असतात, पाडव्याच्या शोभायात्रेत समोरासमोर येतात, एकाच शाळेच्या पालकसभेला बसतात. परदेशी पुस्तकातला 'दुहेरी नाते टाळा', म्हणजे क्लायंटशी थेरपीखेरीज दुसरे नाते नको, हा नियम इथे शब्दशः पाळता येत नाही. जे पाळता येते ते या केंद्राने पहिल्याच सेशनमध्ये ठेवले आहे: बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन, तुमच्याबरोबर कोण आहे हे विचारणार नाही आणि थेरपीचा विषय काढणार नाही. दोन वाक्यांत काम होते आणि क्लायंटच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरते. जवळच्या नात्यातले, त्याच सोसायटीतले, मुलाच्या वर्गशिक्षिका असे क्लायंट दुसऱ्याकडे पाठवले जातात.

दिवाळीच्या फराळाचे काय? मर्यादा ओलांडणे आणि मर्यादाभंग यांतला फरक गुथाइल आणि गॅबार्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये मांडला, तो इथे उपयोगी पडतो. नेहमीच्या चौकटीबाहेरची प्रत्येक गोष्ट घातक नसते. रडणाऱ्या क्लायंटला पाण्याचा ग्लास हातात देणे, आई गेली तेव्हा भेटायला जाणे, हे चौकटीबाहेरचे आहे, पण क्लायंटच्या हिताचे असू शकते, त्यावर पुढे बोलता येते, आणि ते लपवावे लागत नाही. ज्यात थेरपिस्टची गरज भागते आणि क्लायंटला इजा होते, तो भंग. डबाभर चकल्या घेऊन सगळ्यांना वाटल्या आणि 'तुम्हाला आठवणीने आणावेसे वाटले, त्याबद्दल बोलू या' म्हटले, तर त्या चकल्या थेरपीच्या कामी येतात. चांदीचे नाणे, साडी, पाकीट परत करावे. क्लायंटच्या कंपनीत मुलाची इंटर्नशिप मागणे, त्याच्याकडून फ्लॅटच्या कर्जात सूट मिळवणे हा उघड भंग आहे, त्याला भेट म्हणता येत नाही. केंद्राचा लेखी नियम आहे: खाण्याची वस्तू सर्वांत वाटून, २०० रुपयांवरचे काही नाही. आकडा लिहिलेला असला की रिसेप्शनवरच्या मुलीलाही नाही म्हणणे सोपे जाते.

संबोधनाबद्दल आम्हाला थोडी वेगळी सूचना करावीशी वाटते. इथे समुपदेशक स्त्रियांना सगळे 'ताई' म्हणतात. मराठी माणसाला 'मॅडम' परके वाटते, 'ताई' जवळचे, हे खरे. पण ताईला रात्री फोन करता येतो, ताई भाऊबीजेला येते, ताईवर रुसता येते. 'ताई' चालू द्यावे, पण समुपदेशकाने क्लायंटला 'तुम्ही' म्हणणे सोडू नये, निदान अठराच्या वरच्यांना. एकीकडून 'ताई' आणि दुसरीकडून 'अगं तू' झाले की चौकट बोलण्यातच विरघळते.

इथपर्यंत केंद्राला पाचपैकी साडेचार. पुढे मात्र घसरण आहे.

मधल्या खोलीची भिंत प्लायची आहे. बाहेर बाकावर बसले की आतला सूर कळतो, आवाज चढला तर शब्दही. बारा हजारांचे साउंडप्रूफिंग जमत नसेल तर तीन साधे उपाय आहेत: दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, बाहेरच्या बाजूला जुना आवाज करणारा पंखा, आणि बाक भिंतीपासून दूर. आतून आवाज पूर्ण अडला नाही तरी बाहेर सलग आवाज असला की शब्द कळणे अवघड होते. बाहेरच्या टेबलावर हजेरीचे रजिस्टर उघडे असते. पुढचा माणूस सही करताना आधीच्या पाच जणांची नावे आणि कोणाकडे आलेत ते वाचतो. रजिस्टर रिसेप्शनच्या आत ठेवावे, बोलावताना आडनावाऐवजी वेळ सांगावी: 'साडेपाचवाले'.

फी यूपीआयने घेतात. क्यूआर कोडवर केंद्राचे पूर्ण नाव आहे, त्यात 'मानसोपचार' हा शब्द आहे, आणि तोच शब्द संयुक्त खात्याच्या पासबुकात उमटतो. सासरी न सांगता येणाऱ्या बाईसाठी हा एक शब्द पुरेसा असतो. खात्याचे नाव बदलणे किंवा रोख घेणे, दोन्ही सोपे आहे. निदान पैसे पाठवण्याआधी सांगावे तरी.

सगळ्यात मोठा दोष माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत आहे. 'काही अडचण आल्यास कधीही व्हॉट्सअॅप करा', आणि खाली प्रत्येक समुपदेशकाचा खासगी नंबर. यामागचा हेतू चांगला आहे याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ही ओळ चार पानी संमतीपत्राचे निम्मे काम पुसून टाकते. नीट पाहू या काय होते. खासगी नंबर दिला की डीपी दिसतो, स्टेटस दिसते, अलिबागच्या सहलीचे फोटो दिसतात, 'लास्ट सीन' दिसते. क्लायंट रात्री साडेअकराला लिहितो, 'झोप येत नाही, खूप वाईट वाटतंय.' समुपदेशक दोन ओळींत धीर देतो. बरे वाटते. पुढच्या वेळी अकरा वाजता मेसेज येतो, मग रोज. एक दिवस समुपदेशक प्रवासात असतो, निळ्या खुणा दिसतात पण उत्तर येत नाही. ज्याला लहानपणापासून सोडून दिले जाण्याची भीती आहे, त्याच्यासाठी ती रात्र फार जड जाते. उत्तर कधी येते, कधी येत नाही, हा बेभरवसा ओढ वाढवतो. मेसेज कमी होत नाहीत, वाढतात. आणि सेशनमध्ये जे बोलायला हवे ते तुकड्यातुकड्याने फोनवर सांडून गेलेले असते. इकडे समुपदेशक थकतो, चिडतो, आणि एके दिवशी अचानक बंधने घालतो. क्लायंटला ती शिक्षा वाटते. सुरुवातीला न आखलेली रेघ मध्येच आखली की ती नेहमी अशीच लागते.

दुरुस्ती अवघड नाही. केंद्राचा एक वेगळा नंबर, वेगळ्या फोनवर. प्रोफाइलवर फक्त नाव. स्टेटस आणि लास्ट सीन बंद. मेसेज फक्त वेळ ठरवणे-बदलणे यासाठी. उत्तर सकाळी दहा ते संध्याकाळी सात, कामाच्या दिवशी. आपोआप जाणाऱ्या उत्तरात हेच लिहावे, आणि पुढे: तातडीची गरज असेल तर सरकारची टेली-मानस सेवा, १४४१६, चोवीस तास, मराठीतही, जिवाला धोका असेल तर ११२. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, फोन निःशुल्क आहे, आणि अजूनही अनेक केंद्रांच्या पत्रकावर तिचा नंबर नसतो. या केंद्राच्याही नाही. पन्नास मिनिटांची सेवा देणाऱ्याने चोवीस तासांचे वचन देऊ नये. चोवीस तास कोण भेटेल ते सांगावे.

ऑनलाइन सेशनची व्यवस्था घाईत उभी केल्यासारखी आहे. प्रत्येक समुपदेशकाची एकच कायमची मीटिंग लिंक आहे आणि वेटिंग रूम, म्हणजे समुपदेशकाने आत घेईपर्यंत थांबवून ठेवणारी सोय, बंद आहे. म्हणजे पाचचे सेशन चार मिनिटे लांबले आणि सहाचा क्लायंट आठ मिनिटे आधी आला, की तो सरळ दुसऱ्याच्या सेशनमध्ये उगवतो. दर वेळी नवी लिंक, वेटिंग रूम चालू, सगळे आले की मीटिंग लॉक: दीड मिनिटाचे काम. कॅलेंडरचे आमंत्रण 'थेरपी सेशन' या नावाने जाते, आणि महापे, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत ऑफिसचे कॅलेंडर टीममधल्या सगळ्यांना दिसते. 'अपॉइंटमेंट' लिहावे आणि खासगी मेलवर पाठवावे. सध्याचा नवा धोका म्हणजे बोलणे आपोआप टिपून घेणारे एआय सहायक. क्लायंटच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते चालू असतात आणि न विचारता मीटिंगला हजर होतात. सुरुवातीलाच सहभागींची यादी पाहून अनोळखी नाव काढून टाकावे. ऑफिसचा लॅपटॉप थेरपीला वापरूच नये.

ऑनलाइन सेशनची पहिली दोन मिनिटे ठरलेली असावीत, आणि इथे ती नाहीत. आत्ता तुम्ही कुठे आहात, पूर्ण पत्ता? हा प्रश्न दर वेळी, कारण खारघरला राहणारा माणूस आज साताऱ्याला असू शकतो, आणि संकटात पोलीस कुठे पाठवायचे हे त्यावरच ठरते. खोलीत किंवा ऐकू येईल इतक्या अंतरावर कोणी आहे का? इअरफोन आहेत का? नेट गेले तर पाच मिनिटे थांबून मी फोन करीन, तो लागला नाही तर अमुक वेळी. संकटात ज्यांना कळवायचे त्यांचा नंबर बदललेला नाही ना? आणि एक ठरलेला शब्द. 'पार्सल आलंय' म्हटले की कोणीतरी खोलीत आले, विषय बदला. वन बीएचकेमध्ये सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्या बाईला या एका शब्दाचा जेवढा आधार मिळतो तेवढा कुठल्याच ॲपचा मिळत नाही. घोडबंदर रोडच्या संकुलांतले अनेक जण पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन करतात. ते चालते, गाडी बंद आणि उभी असेल तर. गाडी चालवत सेशन करू देणारा थेरपिस्ट चूक करतो.

कॅमेऱ्यामुळे दोन्हीकडचे घर उघडे पडते. समुपदेशकाच्या मागे वाळत घातलेले कपडे, मुलाचा कॉट, देव्हारा दिसणे म्हणजेही न बोलता केलेले आत्मकथन. साधी भिंत हवी. क्लायंट पलंगावर पडून बोलत असेल तर 'बसून बोलू या' म्हणायला संकोचू नये. क्लिनिकमध्ये त्याला खुर्चीच मिळाली असती.

गूगलवर केंद्राला भरपूर तारे आहेत आणि केंद्र प्रत्येक अभिप्रायाला उत्तर देते: 'तुमची प्रगती पाहून आम्हाला आनंद झाला.' ही उत्तरे आजच काढावीत. क्लायंटने स्वतःबद्दल काहीही लिहावे, तो त्याचा हक्क. पण केंद्राने उत्तर दिले की 'हा आमचा क्लायंट आहे' यावर जाहीर शिक्का बसतो. सेशननंतर अभिप्राय लिहिण्याची लिंक पाठवणे तर पूर्ण थांबवावे. ज्याच्यापुढे माणूस मन उघडे करतो, त्याला तो नाही कसे म्हणणार?

गंभीर गोष्ट वेगळी लिहायला हवी. थेरपिस्टने स्वतःच्या संसाराची दुःखे सांगायला सुरुवात करणे, सेशन दिवसाच्या शेवटी सरकवणे, कॉफीला बोलावणे, 'हे कोणाला सांगू नका' म्हणणे, फी अचानक माफ करणे: शारीरिक जवळिकीच्या आधी साधारण याच पायऱ्या असतात. चालू क्लायंटशी लैंगिक संबंध जगातल्या कुठल्याही आचारसंहितेत मान्य नाहीत, क्लायंटची इच्छा असली तरी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता तर उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे बंदी घालते आणि त्यानंतरही अगदी अपवाद म्हणूनच वाट ठेवते. असे झाले तर दोष क्लायंटचा कधीच नसतो. मेसेज पुसू नयेत, तारखांसह टिपण करून ठेवावे, दुसऱ्या थेरपिस्टकडे जावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होते. सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांची मुदत लागते. स्पर्श, धमकी, पाठलाग असेल तर थेट पोलीस. या केंद्राबद्दल असे काही आमच्या कानावर नाही, पण तक्रार कोणाकडे करायची हे त्यांच्या भिंतीवर कुठेही लिहिलेले नाही. नोंदणी क्रमांकांच्या खाली तेवढी एक चौकट मावेल.

प्रत्यक्ष सेवेला साडेचार, रिसेप्शनला तीन, ऑनलाइनला दोन. ठाण्यात राहणाऱ्याने इथे निःशंक जावे, पण समोरासमोर. नवी मुंबईहून ऑनलाइन घ्यायचे असेल तर पहिल्या भेटीतच नवी लिंक, वेटिंग रूम आणि नेट गेल्यावर काय, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. समुपदेशक देतात, फक्त आपणहून देत नाहीत. नव्या क्लायंटला साधारण दोन आठवड्यांनी वेळ मिळते. शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या बाकांवर गर्दी असते, म्हणून ती टाळावी, आणि वेळ घेताना कोपऱ्यातली खोली मागावी. तिची भिंत विटांची आहे.